हरवलेली भिंत आणि पाडायचा खर्च

१

मलेशियातल्या आमच्या ताइपिंगात पाऊस पडणार का, असं कोणी विचारत नाही. किती वाजता पडणार एवढंच विचारतात, आणि त्यावर पैज लावतात. आजोबांच्या काळापासून हे चालत आलंय. दुपार कलली की दुकानांपुढच्या पडवीत माणसं जमतात, डोंगरावरच्या ढगाकडे बघत बसतात, आणि एक कॉफी, दोन कॉफी, कधी अख्खी भाजलेली कोंबडी पणाला लागते. मी त्याच पडवीत रोट्या थापतो आणि चहा उंचावरून ओततो. माझं नाव शाहुल. तोंडावर सगळे शाहुल अण्णा म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते त्यांनाच विचारा.

एका वर्षी ती पैज मी छपरावर चढून जिंकलो होतो. बागेची नळी पत्र्यावर सोडली. पाऊस आला म्हणत सगळे खुर्च्या घेऊन आत पळाले, कोह शेठने मुकाट्याने कोंबडी मागवली, आणि बाहेर लख्ख ऊन. कोंबडी झकास होती. पण तेव्हापासून गावात काहीही विचित्र झालं की लोक आधी माझ्याकडे बघतात.

सुआन आंटीचं दुकान माझ्या अगदी बाजूला. मेलेल्यांसाठी जाळायच्या कागदी वस्तू ती बनवायची. कागदी घरं, कागदी मोटारी, कागदी चपला. इथे जाळल्या की तिकडे पोचतात, असा हिशेब. चिनी पंचांगातला सातवा महिना तोंडावर आला होता, म्हणजे भुतांचा महिना, जेव्हा तिकडचं दार उघडतं आणि गेलेली माणसं जेवायला, गाणी ऐकायला आपापल्या घरी येतात. दुकान छतापर्यंत भरलेलं. आणि एका दुपारी भिंतीतली जुनी वायर तडकली. सगळी कागदी घरं एकदमच वर गेली. त्या वर्षी तिकडे घरांची टंचाई नसणार.

माडी खाली बसली. मागच्या अंगणावरचं छप्पर तेवढं राहिलं, आणि रस्त्याकडची भिंत उभी राहिली, मधोमध तिचं हिरवं दार मिटलेलं. कोणाच्या डोक्यात वीट पडू नये म्हणून नगरपालिकेने भिंतीला लागून बांबू रोवले आणि निळी ताडपत्री ताणून बांधली.

आंटी आमच्या मागच्या खोलीत राहायला आली. तिची मुलगी दूर दक्षिणेतल्या जोहोरहून फोनवर रोज बोलवायची, बाराव्या मजल्यावर फ्लॅट आहे, ये म्हणून. आंटी हलायला तयार नाही. तिचा नवरा बून जाऊन तीन वर्षं झाली होती.

"या महिन्यात म्हातारा येतो ना," ती माझ्या बायकोला म्हणाली. "बाराव्या मजल्यावर मला कुठे शोधेल? लिफ्टमध्ये पाय ठेवायला घाबरायचा. त्याला ते दार ठाऊक आहे. दुसरं कुठलं ठाऊक नाही."

माझ्या बायकोने तिच्या ताटात आणखी एक रोटी वाढली. 

महिना लागला त्या दिवशी पडवीत आम्ही चौघं होतो. मी, आंटी, तिच्या पलीकडचा हॉटेलवाला कोह शेठ, आणि याप मास्तर. मास्तर म्हणजे बूनचे लहानपणापासूनचे दोस्त. शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाल्यावर विम्याची एजंटगिरी धरली. आंटीच्या घराची पॉलिसी त्यांनीच काढलेली. माणूस इतका लाजरा की शाळेच्या प्रार्थनेलाही नुसते ओठ हलवायचा.

"मास्तर, ती भिंत हा महिना काढत नाही," मी म्हणालो.

"काढेल." मास्तर आंटीकडे बघत बोलत होते. "बूनने स्वतः चुना दिलाय तिला. महिना संपेल तेव्हा दार जिथल्या तिथे असेल."

"लावता पैज?"

"लाव."

आता मास्तरांशी कोंबडीची पैज लावण्यात काय मजा? या महिन्यात आमच्या रांगेमागच्या मैदानात स्टेज घालतात. चमचमते झगे घालून बायका गातात, अख्खा मोहल्ला ऐकतो, आणि पहिली रांग रिकामी ठेवतात. ती भुतांची. तिथे जिवंत माणसाने बसायचं नाही. मी म्हटलं, जो हरेल त्याने शेवटच्या संध्याकाळी बाईचा झगा घालून त्या रिकाम्या रांगेसमोर गाणं म्हणायचं. कोह शेठ हसून हसून ठसकला आणि साक्षीदार झाला. मास्तरांचे कान लाल झाले, पण आंटी कितीतरी दिवसांनी हसली होती. त्यांनी हात पुढे केला.

"आणि पडली तर पडली," मी आंटीला धीर द्यायला म्हटलं. "पाडायचा खर्च कंपनी देईलच. विमा आहे कशाला?"

कोह शेठनेही मान डोलावली. बांधायचे पैसे वेगळे, पाडायचे वेगळे, कंपनीला काय कमी आहे, असं तो म्हणाला.

मास्तरांचा कप ओठांपाशी थांबला. मग तसाच, न पिता, खाली आला. मला वाटलं, झग्याची धास्ती घेतली.

२

भुतांच्या महिन्यात आमचं गाव अर्धं झोपेत असतं. रस्त्याच्या कडेला उदबत्त्यांची रानं उगवतात, वाटीत भात, संत्री, कोणासाठी तरी ओतलेला चहा. तळ्यावरचं धुकं पडवीपर्यंत येतं आणि धूर कुठला, धुकं कुठलं, कळत नाही. या महिन्यात लग्न नाही, नवं घर नाही, आणि पाडापाडी तर नाहीच. कुठल्या भिंतीला कोण टेकून बसलंय काय सांगावं. चिनी मिस्त्री या महिन्यात हातोडी कपाटात ठेवून गावी जातो.

रोज दुपारी पाऊस यायचा. पत्र्यांवर असा आदळायचा की समोरच्याचं तोंड हलताना दिसायचं, आवाज नाही. मास्तरांनी पावसाच्या पैजा सोडल्या होत्या. पूर्वी ढग बघायला सगळ्यांच्या आधी हजर. आता पाऊस धो धो कोसळत असताना यायचे, कोरडी छत्री खुर्चीला अडकवायचे, कप दोन्ही हातांत धरून बसायचे. त्या वर्षी स्टेज फार उंच घातलं म्हणून म्हाताऱ्या बायका कुरकुरत होत्या, गायिकेचा चेहरा बघायला मान मोडते म्हणून. मास्तर स्टेज घालणाऱ्या कमिटीचे खजिनदार. बायका त्यांनाच येऊन बोलायच्या. तेवढंही ते ऐकून घ्यायचे.

आणि ताडपत्री श्वास घ्यायला लागली होती.

हे पोरांनी आधी बघितलं. वारा आला की निळी ताडपत्री फुगायची, मग हळूच आत ओढली जायची. पुन्हा फुगायची, पुन्हा आत. पोरं म्हणायची, घर झोपलंय. मी रोट्या थापता थापता बघत राहायचो. एकदा तर माझा हातही त्याच तालात चालायला लागला. आंटी संध्याकाळी तिच्यासमोर बसून खरबुजाच्या बिया सोलायची आणि म्हणायची, म्हातारा असाच घोरायचा.

महिना संपत आला आणि एका पहाटे डोंगरावरून वादळ आलं. दोन बांबू मोडले, ताडपत्री सुटली आणि तळ्याच्या दिशेने उडाली. उजाडल्यावर आम्ही बाहेर आलो.

भिंत नव्हती.

पडलेली नव्हती. पडली असती तर विटांचा ढीग असता, धुळीचा चिखल असता. तिथे काहीच नव्हतं. आंटीचं घर समोरून उघडं होतं, दात काढलेल्या तोंडासारखं. हिरवं दार, त्याची चौकट, एक वीटसुद्धा नाही. पडलेल्या माडीच्या जागी पावसाचं पाणी साचलं होतं आणि त्यात आभाळ दिसत होतं.

आंटी रात्रीच्या कपड्यांत उभी होती. तिने हात उचलला, जिथे दाराची कडी असायची तिथे, आणि खाली घेतला.

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

३

मी नाही म्हटलं तर कोण ऐकतो? पैज मीच लावलेली. भिंत गेली तर मी जिंकणार. चिनी माणूस या महिन्यात भिंतीला हात लावणार नाही, आणि मी पडलो तमिळ मुसलमान, मला त्यांच्या भुतांचं भय नाही. वर छपरावरच्या नळीची गोष्ट. माझ्या रोट्यांचा खप निम्म्यावर आला. बायकोने विचारलं, "खरं सांगा, कुठे ठेवलीत?" घरात ही अवस्था.

हसण्यावारी नेलं असतं, पण कोह शेठ येऊन हळूच बोलला. कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघून जाईपर्यंत जळक्या घराला हात लावायचा नसतो. मालकानेच काही हलवलं असा संशय आला तर कंपनी सगळाच दावा नाकारू शकते. सर्व्हेअर पूर्वेकडच्या पुराच्या कामात अडकलेला, म्हणून इतके दिवस आला नव्हता. आता येणार होता. "तसं झालं तर ती जागा मी घेईन हो," शेठ म्हणाला. "आंटीला भाव बरा देईन." त्याला हॉटेल वाढवायचंच होतं. म्हणजे संशय घ्यायला मलाही एक माणूस मिळाला.

आंटीने मला काही विचारलं नाही. फक्त त्या संध्याकाळी आमच्या खोलीत तिची पेटी भरलेली दिसली. वर जोहोरच्या बसचं तिकीट.

सर्व्हेअर दुसऱ्या दिवशी आली. नोराइनी मॅडम. डोक्याला जांभळा रुमाल, काखेत घडीची खुर्ची. मला वाटलं होतं कोट घातलेला कोणी बाबा येईल आणि दटावेल. मॅडमनी त्या भोकासमोर खुर्ची उघडली, माझ्याकडून चहा आणि अंडा रोटी मागवली, आणि डोळे मिटले. मी पाच मिनिटं थांबलो, वाटलं झोपली.

"बोला ना," डोळे न उघडता ती म्हणाली. "मी बघत असले की माणसं नीट बोलत नाहीत."

मी नळीपासून सगळं सांगितलं. तिचा एक ओठ हलला, हसली असावी. मग तिने विचारलं, भिंत जाऊन मला काय मिळालं. एक गाणं, मी म्हणालो, तेही मास्तरांचं, म्हणजे ऐकवणार नाही असं.

"आणि पाडायचा खर्च कोण देणार होतं?"

"कंपनी. तुम्हीच."

"हं," ती म्हणाली.

कोह शेठलाही तिने तेच विचारलं. त्याने तेच उत्तर दिलं. वर हेही म्हणाला, की त्याला भिंत पाडायचीच असती तर घाई काय होती, जागा मिळाल्यावर पाडली असती, आणि त्याच्या भिंतीला लागून असलेलं काम तो रात्री चोरून कशाला करेल, स्वतःचं हॉटेल डोक्यावर पाडून घ्यायला? मॅडमनी मान हलवली. तिने विचारलं, आपण उदबत्ती लावता का. शेठ म्हणाला, मी चर्चला जातो, लग्नापासून.

मग ती उठली आणि त्या उघड्या घरात गेली. बराच वेळ खाली बसून काही बघत होती. बाहेर आली तेव्हा तिच्या तळहातावर उदबत्त्यांच्या जळक्या काड्या होत्या. लाल टोकाच्या, मूठभर.

"बाहेर रस्त्यावर तर सगळेच लावतात," ती म्हणाली. "या आत होत्या. जिथे भिंत होती, बरोबर त्या रेषेत. रोज थोडं थोडं."

"रोज?" मी म्हणालो. "भिंत तर एका रात्रीत गेली."

तिने डोळे उघडे ठेवून माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं.

४

"शाहुल अण्णा, एका रात्रीत गेली हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

कोणीच नाही. ताडपत्री उडाली, भिंत दिसली नाही, आम्हीच ठरवलं. मग तिने विचारलं, ताडपत्री बांधली होती तेव्हा कशी दिसायची. मी हाताने दाखवलं, अशी फुगायची, अशी आत जायची. पोरं म्हणायची घर श्वास घेतं.

"आत जायची," मॅडम म्हणाली. ती हे शब्द चघळत होती. "मागे पक्की भिंत आहे, ताडपत्री तिला चिकटून बांधलीय. ती बाहेर फुगेल. आत कुठे जाईल?"

माझी रोटी तव्यावर करपली.

म्हणजे आम्ही पडवीत बसून घराच्या घोरण्यावर हसत होतो, तेव्हा त्या निळ्या पडद्यामागे भिंत वरून खाली वितळत होती. पावसाच्या आवाजात. रोज. आणि ज्याने हे केलं तो प्रत्येक वेळी आधी उदबत्ती लावून भुतांची माफी मागत होता. मी नाही, कोह शेठ नाही. भिणारा माणूस. भीत भीत, तरी रोज येणारा.

"पण इतक्या विटा गेल्या कुठे?" मी म्हणालो. "आणि कशासाठी? आंटीचा वैरी तर कोणी नाही."

"वैऱ्याने केलं असेल असं मी कुठे म्हणाले," मॅडम म्हणाली, आणि पुन्हा डोळे मिटून घेतले. "पाऊस कधी येईल?"

मी डोंगराकडे बघितलं. आत्ताच, म्हटलं. ती म्हणाली, नाही, चहा संपल्यावर. एका कॉफीची पैज लागली. तिने शेवटचा घोट घेतला आणि पहिला थेंब पत्र्यावर वाजला. अशा बाईशी खोटं बोलू नये, हे मला तेव्हाच कळलं.

पाऊस चांगला जोरात आल्यावर मास्तर आले. तळ्यापलीकडे त्यांचं घर, मधे आडोसा नाही. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, छत्रीतून धार लागलेली. त्यांनी मॅडमना नमस्कार केला. आवाज ऐकू आला नाही, ओठ हलले. मॅडमनी त्यांना बसायला सांगितलं आणि माझ्या कानाशी झुकून विचारलं,

"हे रोज असेच भिजून येतात का?"

"छे, रोज तर कोरडे..." मी म्हणालो, आणि माझी नजर त्यांच्या छत्रीकडे गेली.

तळ्यापलीकडून भर पावसात कोरडा माणूस येत नाही. कोरडी छत्री पडवी-पडवीने येते. शेजारच्या घरातून, मागच्या अंगणाच्या छपराखालून.

मास्तरांनी कप दोन्ही हातांत धरला होता. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांची बोटं नीट बघितली. नखं फुटलेली, कातडी चुन्याने सोललेली.

५

मॅडमनी तिथे काही केलं नाही. पाऊस थांबल्यावर आंटीला बोलावलं, आम्हाला सगळ्यांना घेऊन मागच्या मैदानात गेली. स्टेज रिकामं होतं. लाल-पिवळे पडदे ओले होऊन लोंबत होते. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर पाण्याची तळी साचली होती.

"मी आधी हिशेब सांगते, मग गोष्ट," मॅडम म्हणाली. "घराचा विमा काढताना नुसता बांधायचा खर्च धरून भागत नाही. जळकं घर आधी पाडावं लागतं, उचलून न्यावं लागतं. आणि या रांगेत दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची घरं एकाच भिंतीवर टेकलेली. इथे मशीन चालत नाही. टेकू द्यायचे आणि एकेक वीट हाताने काढायची. हा खर्च मोठा असतो. विम्याची रक्कम ठरवतानाच तो वेगळा धरायचा असतो. आंटी, तुमच्या पॉलिसीत तो धरलेला नाही."

"म्हणजे?" आंटीने विचारलं.

"म्हणजे एकच रक्कम. त्यातूनच आधी पाडायचं, उरेल त्यात बांधायचं. खालचं दुकान होईल. माडी होणार नाही."

"मी माडीवर राहते," आंटी म्हणाली. एवढंच.

"इथे सगळ्यांना वाटत होतं की पाडायचे पैसे कंपनी वेगळे देते. शाहुल अण्णांना वाटत होतं, कोह शेठना वाटत होतं. तसं वाटणाऱ्या माणसाला भिंत फुकटात पाडायचं काही कारण नाही. भिंत चोरायचं कारण एकाच माणसाकडे होतं. ती ओळ राहून गेलीय हे ज्याला माहीत होतं त्याच्याकडे. आणि ते फक्त पॉलिसी लिहिणाऱ्याला माहीत असतं."

पैजेच्या दिवशीचा तो कप मला आठवला. ओठांपाशी थांबलेला. पाडायचा खर्च कंपनी देईलच, असं म्हणालो होतो मी. मीच त्यांना आठवण करून दिली होती.

"आणि सगळे संशय घेत होते पैज जिंकणाऱ्यावर," मॅडम म्हणाली. "हरणाऱ्याकडे कोण बघतो?"

मास्तर पहिल्या रांगेमागे उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला नाही.

"जन्मभर पोरांना शिकवलं," ते म्हणाले, "आधी सगळ्या ओळी मांडा, मग बेरीज करा. बूनच्या घराची बेरीज करताना मी एक ओळ मांडायची विसरलो, सुआन. मला वाटलं, भिंतच उरली नाही तर खर्च कसला. सगळे पैसे बांधायला मिळतील. चुना जळून भुगा झाला होता. वीट नुसती हलवली तरी हातात यायची."

"आणि मी येऊन मोजायचं काय होतं?" मॅडमचा आवाज चढला नाही. "मालकिणीने पुरावा हलवला असं कंपनी म्हणाली असती. तिला एक पैसा मिळाला नसता, मास्तर."

मास्तरांना हे माहीत होतं की नाही, कोण जाणे. असावं. पण लाजऱ्या माणसाला चूक सांगण्यापेक्षा भिंत उपसणं सोपं वाटतं. त्यांचे ओठ हलले. शाळेच्या प्रार्थनेसारखे.

"विटा कुठे आहेत?" मी विचारलं.

मॅडम माझ्याकडे वळली. "म्हाताऱ्या बायका काय कुरकुरत होत्या म्हणालात?"

मी स्टेजकडे बघितलं. मग खाली वाकलो आणि समोरची लाल झालर वर केली.

आत विटांचे थर होते. प्रत्येक खांबाखाली, कोपऱ्या-कोपऱ्यात, वहीत आकडे मांडावेत तसे सरळ रचलेले. मैदानात पाणी साचतं, खांब उंच करा, विटा दान आल्यात, असं खजिनदारांनी सुतारांना सांगितलं होतं. तांदूळ, कागद, उदबत्त्या घेऊन कमिटीची हातगाडी दिवसभर मागच्या गल्लीतून जायची. तिच्यात काय आहे हे या महिन्यात कोण उघडून बघणार? अर्धा महिना अख्खा मोहल्ला सुआन आंटीच्या भिंतीवर उभं राहून गाणाऱ्या बायकांना टाळ्या वाजवत होता.

आणि सगळ्यांत मागे, जुन्या रजईत गुंडाळलेलं, एक लांब काहीतरी आडवं होतं. आंटी माझ्याआधी आत शिरली. गुडघ्यांवर, चिखलात. रजईचं टोक तिने उलटलं.

हिरवं दार. चौकटीसकट, कडीसकट. त्याच्यावर एक ओरखडा नव्हता.

"ते दार उतरवायला मला चार दिवस लागले," मास्तर बाहेरून म्हणाले. "बून येईल तेव्हा..."



६

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. मॅडमनी मास्तरांना म्हटलं, मी शोधून काढलं असं मी लिहू शकते, किंवा तुम्ही स्वतः लिहून देऊ शकता. दोन्हींत फरक आहे. मास्तरांनी त्याच संध्याकाळी माझ्या टेबलावर बसून लिहून दिलं, की ओळ विसरलो मी, भिंत हलवली मी, मालकिणीला काही माहीत नव्हतं. एजंट म्हणजे कंपनीचाच माणूस, त्याची चूक ती कंपनीची चूक, मालकिणीची नाही. हे मॅडमनी वरपर्यंत लावून धरलं. विटा तर समोर होत्याच. तिने थर मोजले, आतली काळवंडलेली बाजू दाखवली, आणि सिद्ध केलं की ही भिंत कशीही पाडावीच लागली असती. कंपनीने बरेच महिने कुरकुर केली आणि मग पाडायचा खर्च वेगळा मान्य केला. माडी झाली. मास्तरांनी आपलं एजंटचं ओळखपत्र पाकिटात घालून कंपनीला परत पाठवलं. ते पाकीट टपालात टाकायला मीच गेलो होतो. कागदाचा एक तुकडा, पण हाताला जड लागला.

पण त्या संध्याकाळी हे काहीच माहीत नव्हतं. महिन्याची शेवटची संध्याकाळ. आंटीची पेटी अजून भरलेलीच होती.

मी मास्तरांना म्हटलं, पैज रद्द. भिंत पडली नाही, काढली गेली. कोह शेठ साक्षीदार म्हणून तयार होता. मास्तर म्हणाले, "महिना संपेपर्यंत दार जिथल्या तिथे असेल असं बोललो होतो. नाहीये. झगा आण."

झगा मी आधीच शिवून ठेवला होता. जांभळा, टिकल्यांचा, माझ्या बायकोच्या मापाचा. मास्तरांना तो मागे बंद होईना, सुतळीने बांधला. खालून त्यांच्या शाळेतल्या काळ्या बुटांची टोकं दिसत होती. पोरं खिदळत होती, म्हाताऱ्यांनी तोंडाला पदर लावावा तसे रुमाल लावले होते. मास्तर स्टेजवर चढले, आपल्याच रचलेल्या विटांवर, आणि माइकसमोर उभे राहिले. ओठ हलले. आवाज नाही. कोणीतरी मागून ओरडलं, "मास्तर, प्रार्थना नाहीये ही."

तेवढ्यात आंटी पुढे आली. कोह शेठ आणि मी तिच्यामागे दार धरून. तिने ते पहिल्या रांगेसमोर उभं करायला लावलं, दोन्ही बाजूंनी बांबूचा टेकू देऊन. नुसतं दार, भिंत नसलेलं. तिने कडी काढली आणि एक झडप उघडी ठेवली. मग मधल्या खुर्चीवरचं पाणी आपल्या बाहीने पुसलं आणि तिथे कॉफीचा कप ठेवला. काळी, दोन चमचे साखर. बून अंकलची कॉफी मीच करायचो, मला माहीत आहे.

मास्तरांनी त्या खुर्चीकडे बघितलं आणि गायला लागले.

ते नदीच्या काठी सायकली टाकून पोहायला जाणाऱ्या दोन पोरांचं जुनं गाणं होतं. सूर पहिल्या ओळीतच खाली गेला आणि वर आलाच नाही. पण हसणं हळूहळू थांबलं. मास्तर आमच्यासाठी गातच नव्हते. दुसऱ्या कडव्याला पाऊस आला, बारीक, धुक्यासारखा. कोणी उठलं नाही. नोराइनी मॅडम माझ्या बाजूला डोळे मिटून बसली होती. दाराची उघडी झडप वाऱ्याने आत जायची, बाहेर यायची. पुन्हा आत.

गाणं संपलं. मास्तरांनी झगा दोन बोटांनी उचलून, शाळेत शिकवल्यासारखा, वाकून नमस्कार केला. टाळ्या वाजवायच्या की नाही कोणाला समजेना. आंटी उठली, खुर्चीपाशी गेली, आणि कप उचलून बघितला. उलटा करून दाखवला.

रिकामा.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.